विमानाने शेळ्या-मेंढ्या पाठवताना : पूर्वतयारीचा एक पाठ

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या व्यापारात आहेत. आठवड्याच्या बाजारात जनावर पारखणारा, त्याची वाहतूक करणारा, चारा पुरवणारा आणि पिंजरे बनवणारा सुतार अशी ही मोठी साखळी आहे. पूर्वी या साखळीचे शेवटचे टोक फार तर मुंबईचे देवनार असे. आता ते समुद्रापलीकडे गेले आहे. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या शारजाला गेल्या आहेत. आखाती देशांत जिवंत जनावरांना वर्षभर मागणी असते आणि ईदुल-अजहाच्या दिवसांत ती कित्येक पटींनी वाढते. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणे बंद करण्याचे ठरवले आहे. विमानाने पाठवण्यास मात्र त्या कायद्याने बंदी केलेली नाही. म्हणजे या व्यापारात विमानाचे महत्त्व पुढे वाढण्याचीच शक्यता आहे.

परंतु विमानाने कपड्याचे गठ्ठे किंवा आंब्याच्या पेट्या पाठवणे वेगळे आणि श्वास घेणारा जीव पाठवणे वेगळे. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने हे फार मोठी किंमत देऊन शिकले. त्याने जनावरे उत्तम निवडली होती. पिंजरा करणारा सुतारही कसबी. जनावराने धडक दिली तरी फळी तुटू नये म्हणून त्याने चारही बाजू फळ्यांनी बंद केल्या आणि फक्त वर जाळी ठेवली. विमानतळावर कागद तपासताना असे आढळले, की आरोग्य दाखल्यावरील बिल्ल्यांचे क्रमांक आणि जनावरांच्या कानांतील बिल्ले जुळत नाहीत. दाखला दुरुस्त होईपर्यंत भर दुपारी पिंजरे बाहेर उघड्यावर थांबले. विमान उडण्यापूर्वीच मधल्या कप्प्यांतील ९ जनावरे दगावली. सुतार नंतर म्हणाला, "भाई, पिंजऱ्याची एक फळीसुद्धा हलली नव्हती. मग माझं चुकलं कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर हाच आजच्या पाठाचा विषय आहे. विमानाने जाणारे जनावर बहुधा आकाशात मरत नाही. ते जमिनीवर, वाट पाहताना मरते. आणि त्या मरणाचे कारण आधीच्या महिन्यातील घाईत दडलेले असते. मुंबई किंवा नाशिकहून आखातापर्यंतचे उड्डाण साधारण ३ तासांचे. परंतु जनावर पिंजऱ्यात शिरल्यापासून पलीकडे बाहेर पडेपर्यंत १० ते १२ तास सहज जातात. तयारी करायची ती या १२ तासांची, ३ तासांची नव्हे.

विमानात जनावराचे काय होते?

पुष्कळांना वाटते की उंचीमुळे जनावराचा जीव घाबरतो. जनावरे नेणाऱ्या विमानात मालाच्या कक्षातही हवेचा दाब राखलेला असतो. विमान कितीही उंच गेले तरी आतील दाब साधारणपणे ८,००० फूट उंचीच्या डोंगरावरच्या दाबापेक्षा कमी होऊ दिला जात नाही. निरोगी शेळी तो सहज सोसते. खरे शत्रू तीन आहेत : उष्णता, ओलावा आणि कोंडलेली हवा.

शेळीच्या शरीराचे सामान्य तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस असते. प्रत्येक जनावर शरीरातून सतत उष्णता बाहेर टाकते आणि उच्छ्वासातून वाफ सोडते. तीस जनावरे एका ठिकाणी उभी केली म्हणजे तीस छोट्या शेगड्या पेटवल्यासारखे आहे. उन्हाळ्यात शेळी-मेंढी धापा टाकून अंग थंड करते. हवा कोरडी आणि खेळती असेल तर हा उपाय चालतो. हवा दमट आणि स्थिर झाली की धापा टाकूनही उपयोग होत नाही, उलट श्रमाने उष्णता वाढते. त्यात मूत्रातून निघणारा अमोनिया वायू डोळे आणि फुप्फुसे जाळतो.

विमान उडत असते तेव्हा हवा सतत बदलत असते. परंतु ते जमिनीवर उभे असताना दारे बंद आणि यंत्रणा थांबलेली असेल, तर आतील तापमान झपाट्याने चढते. विमानाबाहेर उन्हात ठेवलेल्या पिंजऱ्याचीही हीच गत. आमच्या सुताराचे चुकले ते इथे. पिंजरा बळकट होता, पण त्यातून हवा आडवी वाहत नव्हती. कडेच्या जनावरांना वरून थोडी तरी हवा मिळाली. मधली जनावरे इतरांच्या उष्णतेत सापडली.

नियम कोणाचे पाळायचे?

या कामात चार प्रकारचे नियम एकत्र येतात. एक जरी सुटला तरी माल अडकतो.

पहिला नियम विमान कंपन्यांचा. 'आयाटा' ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९४५ साली स्थापन झाली. ती जिवंत जनावरांच्या वाहतुकीचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध करते आणि दर वर्षी सुधारते. कोणत्या जनावराला कसला पिंजरा लागतो हे त्यात प्रकारवार दिलेले असते. त्यामुळे मागच्या खेपेला चाललेला पिंजरा या खेपेला चालेलच असे गृहीत धरू नये. शिवाय प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या अटी असतात. काही कंपन्या कडक उन्हाळ्यात जनावरे घेतच नाहीत.

दुसरा नियम आपल्या देशाचा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालील १९७८ चे जनावर-वाहतुकीचे नियम गावाहून विमानतळापर्यंतच्या ट्रकच्या प्रवासालाही लागू होतात. शेळ्या आणि मेंढ्या वेगळ्या ठेवाव्यात, थोड्या असल्यास मध्ये आडोसा घालावा. नर आणि माद्या एका कप्प्यात मिसळू नयेत. पशुवैद्यकाचा दाखला बरोबर असावा. प्रवासभर पुरेल इतका चारा सोबत असावा, या त्यातील मुख्य गोष्टी.

तिसरा नियम माल घेणाऱ्या देशाचा. कोणत्या रोगांच्या तपासण्या हव्यात, लस कधी टोचलेली असावी, जनावर किती दिवस वेगळे ठेवावे हे सर्व तो देश ठरवतो. म्हणून सौदा करण्यापूर्वी पलीकडच्या व्यापाऱ्याकडून आयात परवान्याची प्रत मागवावी. नुसत्या फोनवरच्या शब्दावर जनावरे खरेदी करू नयेत.

चौथा भाग म्हणजे केंद्र सरकारची पशु-संगरोध व प्रमाणन सेवा. तिचे कार्यालय मुंबईत आहे. जनावर परदेशी जाण्यास योग्य आहे असे प्रमाणपत्र या कार्यालयाकडून घ्यावे लागते.

याखेरीज निर्यातीचे सरकारी धोरण वेळोवेळी बदलते, हेही लक्षात ठेवावे. २०१८ साली नागपूरहून शारजाला विमानाने मेंढ्या पाठवण्याचा बेत विरोधामुळे ऐनवेळी थांबवावा लागला होता. तेव्हा विमानाची जागा ठरवण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेली सूचना कस्टम एजंटकडून लेखी घ्यावी.

जनावराची निवड आणि महिन्याभराची तयारी

विमानात तेच जनावर चढवावे, जे आणखी दोन दिवस ट्रकमध्येही तग धरेल. ज्याला नाकातून स्राव आहे, खोकला आहे, जुलाब आहेत, तोंडाभोवती फोड आहेत, खुरात सूज आहे किंवा अंगावर खरूज आहे, त्याला बाजूला काढावे. गाभण शेळी, नुकतीच व्यालेली शेळी आणि दूध पिणारे करडू पाठवू नये.

महिनाभर आधी सर्व जनावरे एका गोठ्यात आणावीत. चार बाजारांतून घेतलेली जनावरे परस्पर विमानतळावर नेणे ही सर्वांत मोठी चूक. एका जनावराचा आजार दहा दिवसांत दिसतो आणि तोवर तो कळपभर पसरलेला असतो. प्रवासाच्या ताणाने फुप्फुसाचा दाह उसळतो तो याच कारणाने.

गोठ्यात आणल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे आणि लसी टोचाव्यात. पीपीआर, आंत्रविषार आणि लाळ-खुरकूत या रोगांचा विचार प्रथम करावा. लसीचा गुण येण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात. निघण्याच्या दोन दिवस आधी टोचलेली लस कागदावर दिसते, पण जनावराला वाचवत नाही. उलट लसीच्या तापात त्याला प्रवास घडतो.

प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असावा. आपल्याकडे आता १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला लावतात. वहीत चार रकाने आखावेत : बिल्ल्याचा क्रमांक, नर की मादी, वजन, लसीची तारीख. दाखला तयार झाला की एकाने बिल्ला वाचावा आणि दुसऱ्याने कागदावर खूण करावी. हे काम गोठ्यात तासाभराचे आहे. तेच विमानतळावर करावे लागले तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

शेवटच्या आठवड्यात जनावरांना प्रवासाची सवय लावावी. प्रवासात जे वाळलेले वैरण मिळणार, तेच गोठ्यात सुरू करावे. ज्या भांड्यातून पाणी द्यायचे, तेच भांडे आत टांगावे. नव्या भांड्यातील पाणी शेळी पुष्कळदा तोंडसुद्धा लावत नाही. एकत्र जाणारे गट आठवडाभर एकत्र ठेवावेत, म्हणजे टकरा गोठ्यातच संपतात. शिंगांची आणि बिनशिंगांची जनावरे वेगळी करावीत.

सुतार बंधूंसाठी : पिंजरा कसा असावा?

शेळ्या-मेंढ्यांचे मोठे पिंजरे विमानाच्या सपाट धातूच्या पॅलेटवर उभे करतात. प्रचारात असलेले एक मोठे पॅलेट ३१८ सेंटिमीटर लांब आणि २४४ सेंटिमीटर रुंद असते. जाळी आणि पट्टे बांधण्यासाठी कडेने जागा सोडावी लागते. म्हणून पिंजऱ्याचे बाहेरचे माप आधी विमान कंपनीकडून लेखी घ्यावे आणि मगच लाकूड कापावे. विमानाच्या दाराची उंचीही विचारावी.

आता एकेक भाग घेऊ.

तळ : तळ सलग आणि मजबूत असावा. त्यावर आडव्या पातळ पट्ट्या मारल्या की खूर घसरत नाही. घसरलेले जनावर तुडवले जाते. तळाखाली गळती न होणारे ट्रे किंवा कडा वर वळवलेले जाड प्लॅस्टिक हवेच. मूत्र विमानाच्या धातूला खाते, म्हणून गळणारा पिंजरा कंपनी दारातूनच परत पाठवते. तळावर लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यावा. पेंढा किंवा गवत अंथरण्यापूर्वी घेणाऱ्या देशाला ते चालते का, हे विचारावे.

भिंती : फळ्यांमध्ये चारही बाजूंनी फटी असाव्यात. फट इतकी, की हवा खेळेल. पण खूर, डोके किंवा शिंग अडकणार नाही. जनावर बसलेले असतानाही तोंडाच्या पातळीवर हवा लागली पाहिजे, म्हणून फटी फक्त वर ठेवून भागत नाही. मधल्या आडभिंतीही फटींच्याच असाव्यात.

उंची : जनावर मान नैसर्गिक ठेवून उभे राहिले तर डोक्यावर मोकळी जागा राहिली पाहिजे. एकावर एक मजले करताना उंची चोरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण डोक्यावरची मोकळी जागा हीच गरम हवेची वाट आहे.

आतली बाजू : खिळ्याचे टोक, तारेचा तुकडा, फळीचा कुसळा आत राहू नये. खिळ्यांऐवजी स्क्रू आणि बोल्ट वापरावेत. काम झाल्यावर तळहात सर्व फळ्यांवरून फिरवून पाहावा. शेळी लाकूड कुरतडते, म्हणून विषारी रंग किंवा वाळवीचे औषध लावलेले लाकूड वापरू नये.

लाकूड : परदेशी जाणाऱ्या लाकडी पेट्यांना आंतरराष्ट्रीय वनस्पती-संरक्षणाचा नियम क्रमांक १५ लागू होतो. त्यानुसार लाकूड त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे, किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेले असावे, आणि त्यावर अधिकृत केंद्राचा शिक्का असावा. प्लायवूडला हा नियम लागत नाही. शिक्का नसलेल्या चार फळ्यांमुळे सगळा माल पलीकडे अडकू शकतो.

दार आणि भांडी : दार असे हवे, की जनावराने ढकलून उघडणार नाही, पण संकटात माणूस लगेच उघडू शकेल. पाण्याचे आणि चाऱ्याचे भांडे बाहेरून, दार न उघडता भरता आले पाहिजे.

खुणा : पिंजऱ्यावर 'जिवंत जनावरे' अशी हिरवी चिठ्ठी लावतात. ती किमान १० बाय १५ सेंटिमीटरची असते आणि तिच्यावरील अक्षरे किमान अडीच सेंटिमीटर उंच असतात. वरची बाजू दाखवणारे बाण चारही बाजूंना हवेत. पाठवणारा आणि घेणारा यांचे नाव, पत्ता आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक लिहावा. चिठ्ठ्या चिकटवताना हवेच्या फटी झाकू नयेत.

किती जनावरे घालावीत?

सगळा नफा-तोटा याच प्रश्नावर येऊन ठेपतो. युरोपीय संघाच्या २००५ सालच्या नियमात विमानातील शेळ्या-मेंढ्यांसाठी जागेचे प्रमाण दिले आहे : २५ किलोच्या जनावरास ०.२० चौरस मीटर, ५० किलोच्या जनावरास ०.३० आणि ७५ किलोच्या जनावरास ०.४०. आपला माल युरोपात जात नसला तरी हिशेबाला हे प्रमाण उपयोगी आहे. यावरून ३० किलोच्या शेळीला सुमारे ०.२२ चौरस मीटर जागा येते.

पिंजरा आतून ३ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद असेल तर जागा होते ६.६ चौरस मीटर. तिला ०.२२ ने भागले की एका मजल्यावर ३० जनावरे. दिवस उष्ण असतील तर यातून दहावा हिस्सा कमी करून २७ घालावीत. जागा फार ढिलीही नको. विमान चढता-उतरताना जनावरे एका बाजूला ढकलली जातात. म्हणून पिंजऱ्याचे तीन-चार कप्पे करून प्रत्येकात आठ-दहा जनावरे ठेवावीत.

आता ३० ऐवजी ३४ घातली तर? पुढील आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी मानलेले आहेत. समजा एका शेळीची खरेदी आणि गोठ्याचा खर्च ९,००० रुपये. एका मजल्याचे भाडे, पिंजरा आणि कागदपत्रे मिळून ९०,००० रुपये. आणि पलीकडे एका शेळीचे १४,००० रुपये मिळतात.

३० शेळ्यांचा खर्च २,७०,००० अधिक ९०,००० म्हणजे ३,६०,००० रुपये. विक्री ४,२०,००० रुपये. नफा ६०,००० रुपये.

३४ शेळ्यांचा खर्च ३,०६,००० अधिक ९०,००० म्हणजे ३,९६,००० रुपये. सर्व जिवंत पोहोचल्या तर विक्री ४,७६,००० आणि नफा ८०,००० रुपये. परंतु त्यांतील दोनच दगावल्या तर विक्री ४,४८,००० आणि नफा ५२,००० रुपये. म्हणजे चार शेळ्या जास्त घालूनही हाती ८,००० रुपये कमीच पडले. गर्दीत चेंगरून लंगडी झालेली, शिंग मुळातून मोडलेली किंवा डोळ्याला इजा झालेली जनावरे यात धरलेली नाहीत. ईदच्या मालात हा तोटा मरणाइतकाच खरा आहे, कारण उघड लंगडे, उघड आजारी किंवा एका डोळ्याने अधू जनावर कुर्बानीला चालत नाही. गिऱ्हाईक ते घेणारच नाही.

चारा, पाणी आणि औषध

शेवटचे दोन दिवस दाणा कमी करत आणावा आणि शेवटच्या दिवशी बंद करावा. दाण्याने भरलेले पोट प्रवासात फुगते आणि फुगलेले पोट फुप्फुसाला दाबते. हिरवा, ओला चाराही बंद करावा. त्याने पातळ शेण होते आणि पिंजरा ओला राहतो. वाळलेला कडबा, भुईमुगाचा वाळका पाला किंवा तुरीचे भुसकट थोडे थोडे द्यावे.

पाणी मात्र कधीही तोडू नये. "पाणी दिलं तर वजन वाढतं आणि घाण होते" हे बोलणे अनेक बाजारांत ऐकू येते. ते जनावराच्या जिवाशी खेळणे आहे. तहानलेली शेळी उष्णतेत सर्वांत आधी पडते. पिंजऱ्यात भरण्यापूर्वी प्रत्येक जनावर पाणी प्यायले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

जनावर शांत राहावे म्हणून गुंगीचे औषध कदापि देऊ नये. गुंगीने रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि शरीराची उष्णता सावरण्याची शक्ती कमी होते. पडलेले जनावर इतरांच्या पायांखाली येते. माहीत असलेला गोठा, ओळखीचा गट आणि संथ हाताळणी यापेक्षा चांगले शांत करणारे औषध नाही.

निघण्याचा दिवस

उड्डाण शक्यतो रात्रीचे किंवा पहाटेचे घ्यावे. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी ईदुल-अजहा जून महिन्यात आली; यापुढे काही वर्षे ती मे आणि एप्रिलमध्ये येत राहील. आखातात तेव्हा दुपारचे तापमान ४० अंशांपर्यंत आणि जूनमध्ये त्यापलीकडे जाते. म्हणून आपली निघण्याची वेळ जितकी महत्त्वाची, तितकीच पलीकडे उतरण्याची.

पलीकडच्या सुट्टीचा दिवसही पाहावा. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. शारजाच्या सरकारी कार्यालयांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी आहे. गुरुवारी रात्री निघालेला माल पलीकडे पशुवैद्यकाची वाट पाहत बसणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

विमानतळावर फार लवकर जाऊ नये आणि फार उशिराही जाऊ नये. कंपनीने दिलेली वेळ पाळावी. ट्रक सावलीत उभा करावा. जनावरे विमानात सर्वांत शेवटी चढवावीत आणि सर्वांत आधी उतरवावीत, अशी विनंती लेखी द्यावी. सुक्या बर्फाचा माल जवळ नसावा, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू जनावराला गुदमरवतो. कुत्र्याचा पिंजरा शेळ्यांच्या समोर ठेवू देऊ नये. वैमानिकाला जनावरांची सूचना लेखी जाते. ती गेली की नाही, हे कार्गोच्या माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा मानू नये.

विमानाला उशीर झाला तर काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. तोंड उघडून धापा, लाळ गळणे, डोळे निस्तेज होणे, एकाएकी खाली बसणे या उष्णतेच्या खुणा आहेत. अशा वेळी पिंजरा सावलीत घ्यावा, पंखा लावावा, पाणी द्यावे आणि पाय व पोटाखालचा भाग ओला करावा. उशीर लांबणार असेल तर त्या दिवशीचे उड्डाण सोडून जनावरे परत गोठ्यात न्यावीत. एका दिवसाचे भाडे बुडेल, माल वाचेल.

कागदपत्रांची उजळणी

निघण्यापूर्वी पुढील कागद एका पाकिटात आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या पाकिटात असाव्यात :

१) घेणाऱ्या देशाचा आयात परवाना.
२) पशुवैद्यकीय आरोग्य दाखला, बिल्ल्यांच्या यादीसह.
३) पशु-संगरोध कार्यालयाचे प्रमाणपत्र.
४) जनावरे नियमाप्रमाणे तयार केल्याचे पाठवणाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र, दोन प्रतींत.
५) एअर वे बिल, बीजक आणि कस्टमचे कागद.
६) लाकडावरील प्रक्रियेचा पुरावा.

चौथ्या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे. त्यावर एजंटाची नव्हे, आपली जबाबदारी असते. जनावरे निरोगी आहेत आणि पिंजरा नियमाप्रमाणे आहे असे आपण सहीनिशी सांगतो. न पाहता केलेली अशी सही ही खोटी साक्षच आहे.

वर उल्लेख केलेल्या व्यापाऱ्याने पुढच्या खेपेला दोनच गोष्टी बदलल्या. बिल्ले गोठ्यातच दोनदा तपासले आणि त्याच सुताराकडून चारही बाजूंनी फटी असलेले पिंजरे करून घेतले. सुताराने प्रत्येक पिंजरा तयार झाल्यावर आत बसून पाहिले, की तोंडावर वारा लागतो की नाही. त्या खेपेचे एकही जनावर दगावले नाही.

व्यापारी व कारागीर बंधूंनो, कापडाचा गठ्ठा भिजला तर वाळवता येतो. जनावराला तशी दुसरी संधी नसते. पिंजऱ्याचे दार लावल्यापासून ते पलीकडे उघडेपर्यंत तो मुका जीव आपल्या हातची अमानत आहे. ती नीट पोहोचवली तर नफाही राहतो आणि नावही राहते. पुढची खेप त्या नावावरच मिळत असते.